यंत्र बोलू लागले, तर ‘देवाचे प्रतिरूप’ कोणाला म्हणायचे?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून छत्रपती संभाजीनगरला येऊन तुम्ही संगणक अभियांत्रिकी शिकत आहात आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) यंत्र आता बोलते, लिहिते, तर्क मांडते, प्रार्थनाही रचून देते. मग मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे या आपल्या विश्वासाला काय अर्थ उरला, ही पहिली. तुमच्या तरुण संघात रविवारची प्रार्थना चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, ते पाप आहे का, ही दुसरी. तिसरी गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, एकाच वाक्यात लिहिली आहे. तुमचा धाकटा भाऊ जन्मापासून बोलू शकत नाही, आणि वसतिगृहातली एक मैत्रीण म्हणाली की बुद्धी हीच माणसाची ओळख असेल तर हे यंत्र तुझ्या भावापेक्षा जास्त माणूस ठरते. त्यावर तुम्हाला काहीच बोलता आले नाही.

माझ्या मते खरा प्रश्न हा तिसराच आहे, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. तुमची मैत्रीण दुष्टपणाने बोलली असे मी धरून चालत नाही. तिने एक गृहीतक घेतले आणि ते जिथवर नेते तिथवर ती गेली. माणसाचे माणूसपण त्याच्या एखाद्या क्षमतेत असते, हे ते गृहीतक. ते या यंत्रासोबत आलेले नाही. ते फार जुने आहे आणि मराठवाड्यात आपल्या आजोबा-पणज्यांनी त्याचे परिणाम अंगावर सोसलेले आहेत.

मी जालना, बीड आणि परभणीकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये आयुष्यातला बराच काळ पाळक म्हणून सेवा केली आहे. बाप्तिस्मे, लग्ने, दफनविधी, दवाखान्यातल्या भेटी आणि घरोघरच्या प्रार्थनासभा हे माझे काम. यंत्राच्या आतली रचना तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. मी जे लिहितो आहे ते पवित्र शास्त्राच्या वाचनातून आणि या कामातून आले आहे. सर्व ख्रिस्ती परंपरा या विषयावर एकाच शब्दांत बोलत नाहीत. जिथे मतभेद आहे तिथे मी तसे सांगेन.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सत्ताविसावे वचन आपण संडे स्कूलमध्येच पाठ केलेले असते. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर व नारी अशी ती निर्माण केली. हे प्रतिरूप नेमके कशात आहे, हे मात्र त्या वचनात सांगितलेले नाही. ती जागा पुढच्या शतकांतल्या शिक्षकांनी आपापल्या परीने भरली. ऑगस्टीनने (३५४–४३०) ते माणसाच्या मनात शोधले आणि स्मृती, समज व इच्छा या तिन्हींकडे बोट दाखवले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने विवेकबुद्धीवर भर दिला. आपल्यापर्यंत हे विवरण बहुधा अर्धेच पोहोचले: पशूला बुद्धी नाही, माणसाला आहे, म्हणून माणूस देवाच्या प्रतिरूपाचा. ज्याने एवढेच ऐकले आहे त्याच्यासमोर स्मृती आणि तर्क यांचा भास देणारे यंत्र आले की त्याच्या पायाखालची जमीन सरकणारच. परंतु ऑगस्टीनचे म्हणणे तिथे थांबत नाही. मन स्वतःला आठवते आणि समजते एवढ्याने ते देवाचे प्रतिरूप होत नाही. आपल्या निर्माणकर्त्याला आठवण्यासाठी, ओळखण्यासाठी आणि त्याच्यावर प्रीती करण्यासाठी ते घडलेले आहे म्हणून ते प्रतिरूप आहे, असे तो स्पष्टपणे लिहितो. म्हणजे बुद्धीवर भर देणाऱ्या या परंपरेतही प्रतिरूप कोणाच्या तरी दिशेने तोंड करून उभे आहे.

जुन्या कराराचे अलीकडचे अनेक अभ्यासक आणखी एक गोष्ट दाखवतात, आणि मला स्वतःला ती सर्वांत पटते. प्राचीन मेसोपोटेमियात आणि इजिप्तमध्ये ‘देवाचे प्रतिरूप’ ही राजाची पदवी होती. दूरच्या प्रांतात राजा आपला पुतळा उभारी, तो तिथे त्याच्या सत्तेची खूण म्हणून उभा राही. अशा जगात उत्पत्तीचा लेखक ही पदवी राजवाड्यातून बाहेर काढतो आणि प्रत्येक स्त्रीला व प्रत्येक पुरुषाला देतो. नेमणूक करणारा नेमतो म्हणून नेमलेला प्रतिनिधी होतो. त्याची उंची, ताकद किंवा हुशारी यांवर ती नेमणूक ठरत नाही. पुढे नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, माणसाचे रक्त का सांडायचे नाही याचे कारण देवाने हेच दिले आहे की तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. पाप झाले, जग बुडाले, तरी ते प्रतिरूप पुसले गेले नाही असे तिथे गृहीत आहे. नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच आधार घेतो: ज्या जिभेने आपण देवाला धन्यवाद देतो त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो, हे बरोबर नव्हे. यांपैकी एकाही ठिकाणी समोरच्या माणसाची आधी परीक्षा घ्या, मग त्याचे रक्षण करा, असे म्हटलेले नाही.

म्हणून मी तरुणांना शिकवतो ते असे. प्रतिरूप हे देवाने माणसाशी स्वतःहून बांधलेले नाते आहे आणि त्या नात्यात त्याने माणसावर सोपवलेली जबाबदारी आहे. त्याची हमी देवाच्या बाजूला आहे. तुमच्या भावाचे प्रतिरूप त्याच्या वाचेत नव्हते, त्यामुळे वाचा नाही म्हणून ते कमी झालेले नाही. यंत्राने वाचा मिळवली म्हणून ते यंत्राकडे गेलेलेही नाही.

आमच्या रोजच्या कामातही हे दिसते. तान्ह्या बाळाला मी हातात घेतो, त्याचे नाव घेऊन त्याच्या कपाळावर पाणी घालतो, तेव्हा त्या बाळाकडून आम्ही कोणतेही उत्तर मागत नाही. (काही मंडळ्या बालबाप्तिस्मा देत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण त्याही बाळाला समर्पणासाठी पुढे आणतात आणि त्याच्यावर प्रार्थना करतात.) एका मंडळीत एक तरुण होता, त्याला बोलता येत नसे आणि मान सावरता येत नसे. त्याची आई त्याला दर रविवारी पहिल्या बाकावर बसवी. गीत सुरू झाले की तो तळहात बाकावर आपटू लागे, आणि त्याचा ठेका ढोलकीच्या ठेक्याशी कधीच जुळत नसे. सुरुवातीला मागच्या रांगांतले लोक वळून बघत. पुढे ढोलकी वाजवणारा मुलगा पहिल्या कडव्याला हात आवरून त्याचा ठेका ऐकू लागला आणि दुसऱ्या कडव्यापासून त्याच्या गतीने वाजवू लागला, मग सगळी मंडळी थोडी सावकाश गाऊ लागली. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर त्याच्या ओठाला लावली की तो डोळे मिटून घेई. त्याला काय समजत होते हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्यामुळे आम्हाला थांबता येऊ लागले, हे मी पाहिले आहे. नाते असे दोन्ही बाजूंनी काम करते, आणि त्यात अधिक हुशार असलेलाच देणारा असतो असे नाही.

आता मराठवाड्याविषयी. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राजवटीत, धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. आपल्या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. गावगाड्याने त्यांचे मोल जन्मावरून ठरवले होते, आणि शिकलेल्यांच्या जगात अक्षरओळख नाही म्हणून त्यांना जागा नव्हती. त्या लोकांना ‘तुम्ही देवाच्या प्रतिरूपाचे आहात’ असे सांगण्यात आले, ते त्यांना वाचता येऊ लागण्याच्या आधी सांगण्यात आले. शाळा त्यानंतर आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रतिरूप जर शिक्षणावर आणि तर्कशक्तीवर अवलंबून असते, तर आपले पणजोबा त्या रांगेत शेवटी उभे राहिले असते, आणि कदाचित त्यांच्यापर्यंत पाळी आलीही नसती.

ते मोजमाप अजून संपलेले नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये माझे सभासद आहेत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या कोयत्यावर दिली जाते, आणि एक दिवस आजारपणाने बुडाला तर खाडा म्हणून त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून तरुण बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांच्या शरीराकडे काम देणाऱ्या यंत्राचा नडणारा भाग म्हणून पाहिले गेले. त्या वेळी कोणत्याही चॅटबॉटचा काही संबंध नव्हता. यंत्राला माणूस समजण्याची चूक पुढे कधी होईल ती होवो. माणसाला यंत्र समजण्याची चूक आपण केव्हाच करून बसलो आहोत, आणि तुमच्या मैत्रिणीचे वाक्य त्याच जमिनीतून उगवले आहे. तिला उत्तर देताना यंत्राला कमी लेखण्याची तुम्हाला गरज नाही. ‘तू घेतलेले माप चुकीचे आहे, आणि त्याच मापाने उद्या तुझे आजारपण आणि म्हातारपणही मोजले जाईल’ एवढे सांगितले तरी पुरे.

मग यंत्र काय आहे? ते प्रचंड मजकुरावर शिकवलेले असते आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त आहे ते काढते, हे तुम्ही वर्गात शिकलाच असाल. एवढ्या साध्या तत्त्वातून इतके निष्पन्न व्हावे याचे मला खरोखर आश्चर्य वाटते, आणि ते आश्चर्य दडवून ठेवण्यात विश्वासाचा काही लाभ नाही. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलला देवाने आपल्या आत्म्याने भरले ते सोने, रुपे आणि लाकूड यांचे कसबी काम करण्यासाठी. पवित्र शास्त्रात कसबालाही देवाचे देणे म्हटले आहे. त्याच शास्त्रात यशयाचा चव्वेचाळिसावा अध्याय आहे. तिथे एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्याची मूर्ती करतो आणि तिला म्हणतो, ‘मला तार’. लाकूड एकच, हात तेच. फरक पडतो तो माणूस त्या वस्तूकडे काय मागतो इथे.

१९५० मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी यंत्र विचार करू शकेल का, या विषयावर जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यात त्यांनी धर्माच्या बाजूने येणारा आक्षेपही घेतला आहे. विचार हे अमर आत्म्याचे काम आहे आणि आत्मा देवाने फक्त माणसाला दिला, असा तो आक्षेप. ट्युरिंग यांचे उत्तर असे की यामुळे देवाच्या सर्वसमर्थतेलाच मर्यादा पडते. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. देवाने काय करावे आणि काय करू नये याची हद्द मी आखू शकत नाही. परंतु देव काय करू शकेल हा एक प्रश्न आहे आणि आज माझ्या मोबाइलमध्ये काय आहे हा दुसरा. मोबाइलमधल्या त्या व्यवस्थेला भूक नाही, मरण नाही, गमावण्यासारखे कोणी नाही. उत्पत्तीचा दुसरा अध्याय सांगतो की माणूस मातीचा घडवला गेला आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला गेला. योहान पहिल्याच अध्यायात म्हणतो की शब्द देही झाला. ख्रिस्ती विश्वासात शरीर ही बुद्धी वाहून नेणारी गाडी कधीच नव्हती. प्रभू थकून विहिरीपाशी बसला आणि त्याने पाणी मागितले. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या कबरेपाशी, आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही, तो रडला. माहिती कमी होती म्हणून तो रडला नाही.

याविषयी निरनिराळ्या मंडळ्यांनी जे अधिकृतपणे म्हटले आहे ते तुम्ही मुळातून वाचावे. २०१९ मध्ये अमेरिकेतील इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी काढलेल्या निवेदनाचे पहिलेच कलम देवाच्या प्रतिरूपावर आहे, आणि कोणत्याही तंत्रज्ञानाला माणसाची ओळख, प्रतिष्ठा किंवा नैतिक कर्तेपण देऊ नये असे ते म्हणते. व्हॅटिकनच्या दोन विभागांनी २८ जानेवारी २०२५ रोजी याच विषयावर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. मी कॅथलिक नसलो तरी ते मी मंडळीतल्या शिक्षकांना वाचायला देतो. माणसाची बुद्धी शरीरात नांदणारी आणि नात्यांत वाढणारी आहे, आणि यंत्राची बुद्धी ही तिचाच दुसरा प्रकार नसून तिची निर्मिती आहे, असे त्यात मांडले आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावामागचे एक कारण सांगताना १८९१ च्या पोप लिओ तेरावे यांच्या कामगारविषयक परिपत्रकाचा आणि आजच्या या तंत्रज्ञानाचा एकत्र उल्लेख केला. मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न श्रमाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, हे ऊसतोडीच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मांडणीत फरक आहे. तिकडे विवेकशील आत्म्यावर भर अधिक असतो, आमच्याकडे देवाच्या हाकेवर आणि नात्यावर. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येतात: एखादी शक्ती वापरता येत नाही म्हणून त्या व्यक्तीची प्रतिष्ठा उणी होत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून त्यावर थोडेसे. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात श्वापदाच्या मूर्तीला बोलता यावे म्हणून तिच्यात प्राण घातला जातो, आणि ती मूर्ती म्हणजेच एआय, असे सांगितले जाते. ते पुस्तक रोमी सत्तेखाली सम्राटाच्या पूजेची सक्ती सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिले गेले. त्याचा प्रश्न ‘तुम्ही कोणाला नमन करता’ हा आहे. प्रत्येक नव्या यंत्रावर त्या श्वापदाचे नाव चिकटवले की तो प्रश्न स्वतःला विचारायचा राहून जातो.

आता प्रार्थनेकडे येतो. हे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट ‘पाप आहे’ असे मी म्हणणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका शेतकऱ्याने आपले जीवन संपवले. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची सभा होती. पुण्याहून आलेल्या एका नातेवाईक तरुणाने मोबाइलवर तयार करून आणलेली प्रार्थना वाचली. तिची भाषा शुद्ध होती, तिच्यात योग्य वचने होती, आणि तो मुलगा मनापासून वाचत होता. ती संपल्यावर त्या माणसाची बायको, जी तोवर भिंतीला टेकून बसली होती, मला म्हणाली, ‘पाळकसाहेब, देवानं त्यांना आत घेतलं असंल ना?’ मी लगेच काही बोललो नाही. तिच्या शेजारी जाऊन सतरंजीवर बसलो. बाहेर कोणीतरी बैलांना पाणी दाखवत होते, बादलीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मी एवढेच म्हटले की त्यांना शेवटच्या रात्री जे दुःख झाले ते देवाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि वधस्तंभावर ज्याने स्वतः ‘तू माझा त्याग का केलास’ असे विचारले त्याच्या हाती मी त्यांना सोपवतो. मग आम्ही प्रार्थना केली. ती मोडकीतोडकी होती.

तिचा प्रश्न यंत्राला विचारला असता तर त्याने उत्तर दिले असते, आणि कदाचित ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने निर्दोषही असते. माझी अडचण तिथे नाही. पवित्र शास्त्रातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांनी पाहिले. त्यांनी तोंड उघडल्यावरच ते चुकू लागले. विचारल्याबरोबर उत्तर देण्यासाठीच यंत्र घडवलेले असते. ज्याला बोलता येते आणि तरीही जो समोरच्यासाठी गप्प राहतो, त्या गप्प राहण्याची त्याला काही किंमत पडते. आणि दुसऱ्या दिवशीही त्याला त्या घरासमोरून जायचे असते, त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायचा असतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. शब्द न सापडणे हा प्रार्थनेतला दोष नाही, असे मी त्यावरून समजतो. तुमच्या तरुण संघातल्या ज्या मुलामुलींना चारचौघांत प्रार्थना करताना शब्द सापडत नाहीत, त्यांना तयार मजकूर देऊन आपण त्यांची लाज झाकतो. पण अडखळत बोलण्याची जी जागा देवाने त्यांना दिली आहे ती काढूनही घेतो.

तरीही छापील प्रार्थना आपण शतकानुशतके वापरतो, मग यात फरक काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. उपासनापुस्तकातली प्रार्थना कोणीतरी आधी केलेली असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मंडळीने ती आपल्या तोंडात घोळवून पारखलेली असते. ती म्हणताना मी त्या लोकांच्या रांगेत उभा राहतो. यंत्राने रचलेल्या प्रार्थनेमागे, ती रचली जाताना, प्रार्थना करणारा कोणीच नसतो. एखाद्याने तो मजकूर घेऊन मनापासून देवाला सांगितला तर देव ऐकणार नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. देव शब्दांचा उगम तपासून कान देत नाही. आजारी, थकलेल्या, एकट्या माणसाला त्यातून धीर मिळत असेल तर मी त्याच्या हातून मोबाइल काढून घेणार नाही. मंडळीच्या वतीने प्रार्थना करण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली आहे त्याने मात्र ती दुसरीकडे सोपवू नये.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. एखादे वचन कोणत्या अध्यायात आहे ते शोधायला, इंग्रजी लेखाचा आशय समजून घ्यायला, पास्टरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) पत्रे आणि वेळापत्रके तयार करायला मी या साधनाची मदत घेतो. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मी पवित्र शास्त्र उघडून तपासतो, कारण ते कधीकधी नसलेले वचन आत्मविश्वासाने देते. उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, मी त्याच्याकडून लिहून घेत नाही. रविवारी माझ्यासमोर कोण बसले आहे, कोणाचे सोयाबीन पावसात गेले, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, हे घेऊन मी आठवडाभर त्या वचनासमोर बसतो. तो आठवडाच संदेशाचा मोठा भाग असतो. समुपदेशनात कोणी मला सांगितलेली गोष्ट तर मी कोणत्याही यंत्रात टाकत नाही, नाव बदलूनही नाही. हा नियम तुमच्या संघाने आजच स्वीकारावा.

यंत्राशी बोलून मन मोकळे होते, असेही तुम्ही लिहिले आहे. हे नवे नाही. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा अगदी साधा संवाद-कार्यक्रम प्रसिद्ध केला होता. तो बहुतेक वेळा समोरच्याचेच शब्द प्रश्न करून परत देई. तरी त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. आपले कोणीतरी ऐकावे ही माणसाची तहान किती खोल आहे, ते यावरून कळते. वसतिगृहातली मुलगी रात्री दोन वाजता यंत्राशी बोलत असेल तर मी आधी तिला दोष देणार नाही. तिला त्या वेळी फोन करता येईल असे मंडळीत कोण आहे, हे मी विचारीन.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उत्पत्तीत देव माणसाला विचारतो ते सुरुवातीचे प्रश्न आठवा. बागेत तो आदामाला विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ आणि पुढे काइनाला विचारतो, ‘तुझा भाऊ हाबेल कोठे आहे?’ यंत्र हजार प्रश्नांची उत्तरे देते, पण हे दोन प्रश्न त्याला विचारले जात नाहीत. ते आपल्याला विचारले जातात. रेशनच्या दुकानात मी एका म्हातारीला पाहिले. आयुष्यभर खुरपणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, मशीनवर अंगठा उमटत नव्हता, आणि काउंटरमागचा माणूस तिला ओळखत असूनही ‘मशीन घेत नाही’ एवढेच म्हणून पुढच्याला बोलावत होता. तिचे धान्य नाकारणारा त्या क्षणी कोणीच नव्हता. उद्या कर्ज, पीकविमा, नोकरी आणि उपचार यांचे निर्णय याहून हुशार व्यवस्था घेतील, आणि त्या तुमच्यासारखे अभियंते घडवतील. तिथे ‘हे कोणी ठरवले?’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस नावानिशी उभा असला पाहिजे, असा आग्रह धरणे हे तुमच्या विश्वासाचे काम आहे. भाऊ कोठे आहे, या प्रश्नाला ‘मशीन घेत नाही’ हे उत्तर चालत नाही.

तुमच्या भावासाठी एक सुचवतो. चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारी ॲप आता साध्या टॅबलेटवरही चालतात. कोणती पद्धत त्याला जमेल हे त्याच्या हाताच्या आणि नजरेच्या हालचालीवर अवलंबून आहे, म्हणून आधी वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि जमल्यास मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत एकदा तपासणी करून घ्या. ॲपमधल्या तयार चित्रांपैकी बरीच त्याच्या ओळखीची नसतील. त्याऐवजी घरची भाकरी, त्याची झोपायची जागा, आईचा चेहरा, चर्चची घंटा यांचे फोटो काढून घाला, आणि आवाज यंत्राचा न ठेवता घरातल्या कोणाचा तरी भरा. हे काम तुम्ही तरुण संघाला बरोबर घेऊन करा. बैठकीत पहिल्या काही वेळा तो चुकीच्या चित्रावर बोट ठेवील, एकच शब्द वीस वेळा वाजवील. तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच राखून ठेवा. आणि चर्चच्या दाराला पायऱ्या असतील तर उतार करून मिळावा म्हणून पास्टरेट कमिटीला लेखी अर्ज द्या. अर्जावर सही संघातल्या सगळ्यांची घ्या.